स्वतःचे पत्र कशासाठी? 'मूकनायक' ते 'प्रबुद्ध भारत'

आमच्या वस्तीतल्या विहारात दोन वर्षांपूर्वी आम्ही काही तरुणांनी मिळून एक मासिक पत्रक सुरू केले. चार पाने, झेरॉक्सवर काढलेली, दर पौर्णिमेला वंदनेनंतर वाटायची. पहिल्या अंकाच्या दोनशे प्रती हातोहात संपल्या. आम्हाला वाटले, आता साऱ्या तालुक्यात आपली चर्चा होणार! पाचव्या अंकापर्यंत लिहिणारे दोघेच उरले आणि प्रती कपाटात पडून राहू लागल्या. सहावा अंक निघालाच नाही. बैठकीत एका ताईंनी विचारले, "मग आपण हे सुरू कशासाठी केले होते?" कोणालाच नीट उत्तर देता आले नाही.

त्याच कपाटात महाराष्ट्र शासनाने १९९० साली काढलेला 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचा खंड होता. जयंतीला आम्ही तो टेबलावर मांडायचो, पण उघडून कधी वाचला नव्हता. या प्रश्नाच्या निमित्ताने तो उघडला, आणि बाबासाहेबांनी हाच प्रश्न स्वतःला किती वेळा विचारला होता हे कळले.

पहिले कारण : आपल्याला जागा नाही

'मूकनायक' पाक्षिकाचा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत निघाला. तेव्हा बाबासाहेब २८ वर्षांचे होते. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाला इंग्रजीत लिहून नाव कमावणे सोपे होते. पण त्यांनी पत्र काढले ते मराठीत, आपल्या माणसांसाठी. ते सिडनहॅम या सरकारी कॉलेजात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. राजर्षी शाहू महाराजांनी २५०० रुपयांचे साहाय्य केले.

पहिल्याच अग्रलेखात त्यांनी पत्र काढण्याचे कारण सांगितले आहे. मुंबई इलाख्यातील बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहणारी आहेत, हे ते सांगतातच. पण पुढचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. काही पत्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नांची चर्चा होते हे ते मोकळेपणाने मान्य करतात. मात्र त्या पत्रांना इतर अनेक प्रश्न हाताळायचे असल्याने आपल्या प्रश्नांना पुरेशी जागा मिळणे शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. विरोधक छापत नाहीत म्हणून स्वतःचे पत्र हवे, हे आपल्याला लगेच पटते. सहानुभूती असलेल्यांकडेही आपल्यासाठी पुरेशी जागा नसते, हे समजायला वेळ लागतो. 'केसरी'ने तर पैसे देऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही.

म्हणजे पहिली अपेक्षा होती आवाज पोचवण्याची. पण जुलै १९२० मध्ये बाबासाहेब शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले. पत्र मागे राहिलेल्यांच्या हाती आले, त्यात मतभेद झाले आणि १९२३ साली ते बंद पडले. एक माणूस दूर गेला की पत्र टिकत नाही, हा पहिला धडा.

दुसरे कारण : चळवळीला उत्तर द्यायचे असते

'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झाला. तारीख नीट पाहा. १९ आणि २० मार्चला महाडची परिषद झाली, चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले, आणि त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत पत्र आले. महाडवर वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार सुरू होता. त्या टीकेला उत्तर द्यायचे होते आणि डिसेंबरच्या सत्याग्रहासाठी लोकांना तयारही करायचे होते. आता केवळ दुःख मांडून भागणार नव्हते. या वेळी संपादक म्हणून बाबासाहेबांचे स्वतःचे नाव होते.

हे काम किती जड होते ते त्यांनीच लिहून ठेवले आहे. फेब्रुवारी १९२८ मध्ये पत्राच्या कर्जाविषयी लिहिताना, दर अंकाचे चोवीस-चोवीस रकाने आपल्या एकट्याला लिहून काढावे लागतात, असे ते सांगतात. हा माणूस वकिली करून, परिषदा घेऊन, रात्री जागून रकाने भरत होता. आणि वाचकांना विचारत होता, की पत्राचे हे ऋण समाजाचे ऋण नाही काय?

हे वाचून आम्ही थोडा वेळ गप्पच झालो. दोनशे प्रतींच्या पत्रकासाठी लिहायला माणसे मिळत नाहीत म्हणून आम्ही रुसून बसलो होतो! बाबासाहेबांनाही लिहिणारे हात आणि वर्गणी देणारे वाचक अपुरेच पडले. १९२९ साली 'बहिष्कृत भारत' बंद झाला.

तिसरे कारण : पत्र एकट्याचे नसते

यानंतरचा बदल आम्हाला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. २९ जून १९२८ रोजी समाज समता संघाचे मुखपत्र म्हणून 'समता' निघाले होते. २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' सुरू झाले. दोन्हींचे संपादक देवराव विष्णू नाईक होते. बाबासाहेब मार्गदर्शक होते, लिहीतही होते. गोलमेज परिषदेच्या काळात विलायतेहून त्यांनी पाठवलेली पत्रे 'जनता'त छापली जात. पण रोजचा गाडा सहकारी ओढत होते.

ज्या पत्रांचा भार मुख्यतः एका माणसावर होता ती दोन-तीन वर्षांत थांबली. सहकाऱ्यांनी चालवलेले 'जनता' १९५६ पर्यंत, म्हणजे पाव शतक चालले. येवल्याची घोषणा, स्वतंत्र मजूर पक्ष, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन ही सारी वाटचाल त्याने पाहिली.

४ फेब्रुवारी १९५६ पासून 'जनता'चे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. मूक, बहिष्कृत, समता, जनता, प्रबुद्ध. ज्यांना १९२० साली मुके म्हटले होते, त्यांनाच ३६ वर्षांनी प्रबुद्ध म्हणून हाक मारली. लोक तेच होते, त्यांच्याकडून असलेली अपेक्षा बदलली होती. सुरुवातीला पत्राने त्यांच्या वतीने बोलायचे होते. शेवटी त्यांनी स्वतः विचार करावा, हे पत्राला हवे होते.

आमचे उत्तर

आता आमच्या पत्रकाकडे येऊ. आम्ही सुरू केले तेव्हा तालुक्याने दखल घ्यावी ही इच्छा होती. खरे सांगायचे तर, आपले नाव छापून यावे हीसुद्धा होती. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण तेवढ्या अपेक्षेवर पाचच अंक निघतात.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा बसलो आणि तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, वाचक आपल्याच वस्तीतला. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातपडताळणीची कागदपत्रे, विहारातील ग्रंथालयाचा हिशेब यांनाही जागा. दुसरी, दर अंकाचा संपादक वेगळा, आणि दर अंकात पहिल्यांदाच लिहिणारी एक तरी व्यक्ती. तिसरी, पत्रक कपाटात ठेवायचे नाही. ज्यांना वाचता येत नाही त्या आजी-आजोबांसमोर ते मोठ्याने वाचायचे.

सहावा अंक येत्या पौर्णिमेला निघतो आहे. प्रती यावेळी पन्नासच काढणार आहोत. पहिला लेख त्याच ताईंनी लिहिला आहे, ज्यांनी तो प्रश्न विचारला होता.

ज्या तरुण मित्रमैत्रिणींचे भित्तिपत्रक, त्रैमासिक किंवा अनियतकालिक असेच अर्ध्यावर थांबले असेल, त्यांनी निराश होऊ नये. बाबासाहेबांचीही पत्रे बंद पडली. मात्र प्रत्येक वेळी नवे पत्र काढताना त्यांनी कारण पुन्हा तपासले. आपणही तेवढे करू या.

जय भीम!