नावं पडायला लागली की…

"चला लवकर, नावं सुरू झाली!" अंधारात खुर्ची शोधताना हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. नावं म्हणजे उशिरा येणाऱ्यांची सवलत! अमेरिकेत तर पूर्वी अनेक थिएटरांत नावं संपेपर्यंत पडदाच उघडत नसत. म्हणून १९५५ साली 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'च्या रिळांच्या डब्यांवर सूचना लिहावी लागली, की नावांच्या आधी पडदा सरकवा. ती नावं सोल बासनं केली होती. काळ्या पडद्यावर पांढऱ्या पट्ट्या सरकत राहतात आणि शेवटी त्यांचाच एक वेडावाकडा हात होतो, व्यसनानं पिळवटलेला.

तेव्हापासून नावं नुसती वाचायची राहिली नाहीत. अक्षरं कशी वागतात त्यावरून पुढं काय वाढून ठेवलंय ते कळू लागलं. वेस्टर्नमध्ये आधी मुलूख दिसतो, माणसं मागाहून. 'शोले'त रामलाल आणि जेलर स्टेशनवरून घोड्यांवर निघतात, आणि नावं संपेपर्यंत खडकाळ रामगड आपल्या ओळखीचं झालेलं असतं.

भयपटाची रीत याच्या उलट. तिथं जितकं कमी दाखवाल तितकं बरं. १९७९ चा 'एलियन' आठवा. काळंभोर अवकाश, संथपणे सरकणारा एक ग्रह, आणि वरच्या बाजूला पांढरी तुटक रेघ. नटांची नावं येतात, जातात. तेवढ्यात आणखी एक रेघ उमटते. ती कुठल्या अक्षराची, काही उमगत नाही. आपण नकळत जुळवत बसतो, आणि पाच अक्षरं पुरी होतात तेव्हा कळतं, ज्याची भीती वाटायची त्याचं नाव आपणच जुळवत होतो. ना रक्त, ना किंकाळी. नुसत्या रेघा! मला तरी याहून भेदक सुरुवात माहीत नाही.

१९९५ च्या 'सेव्हन'मध्ये काइल कूपरनं अक्षरं हातानं खरवडली. ती थरथरतात, उडी मारतात. मधूनमधून दिसतात कुणाचे तरी हात. ब्लेडनं बोटांची कातडी सोलणारे, वही शिवणारे. चेहरा नाही. या हातांचा धनी आपल्याला पुष्कळ उशिरा भेटतो, आणि ती भूमिका करणाऱ्या केव्हिन स्पेसीचं नाव सुरुवातीच्या यादीत मुद्दामच घातलेलं नाही. ते येतं सिनेमा संपल्यावर, सगळ्यांच्या आधी. आणि तिथली नावं नेहमीसारखी खालून वर चढत नाहीत, वरून खाली उतरत येतात.