हुंकारापासून शब्दापर्यंत

बोलता न येणाऱ्या बालकाची वेदना कशी ओळखावी, याचे मार्गदर्शन काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात आढळते. कर्णवेदनेत बालक हातांनी कान चाचपते, शिरःशूलात मस्तक हलवून डोळे मिटते. ही निरीक्षणे आजही पडताळता येतात. तथापि बालकाचा स्वर हे केवळ व्याधीचे लक्षण नव्हे. तो वाणीचा पहिला अंकुर होय.

श्रवणाचा प्रारंभ गर्भावस्थेतच होतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० फ्रेंच व ३० जर्मन नवजातांचे रुदन तपासले असता, फ्रेंच बालकांचा स्वर चढत जाणारा, तर जर्मन बालकांचा उतरत जाणारा आढळला. मातृभाषेची लय रुदनातही उमटते, ती अशी. पुढे दुसऱ्या महिन्याच्या सुमारास हुंकार, चौथ्यापासून किंचाळणे व ओठ फुरफुरविणे आणि सहा ते दहा महिन्यांत 'बाबाबा', 'दादादा' अशी स्पष्ट अक्षरावली येते. प्रतिसादाचे महत्त्व प्राणिसृष्टीतही दिसते. मार्मोसेट वानरांवरील २०१५ च्या संशोधनानुसार, ज्या पिल्लांना पालक अधिक प्रतिसाद देतात, त्यांचे स्वर लवकर प्रौढ होतात.

येथे एक सावधगिरी हवी. बधिर बालकही रडते, हसते, हुंकार देते. विलंब होतो तो अक्षरावलीस. काही वर्षांपूर्वी चौदा महिन्यांचे एक बालक 'अजून बोलत नाही' म्हणून आमच्याकडे आणले गेले. आवाज ऐकून आम्ही निश्चिंत झालो, वचा व ब्राह्मीचे कल्प दिले आणि 'काही मुले उशिरा बोलतात' असा मातेस धीर दिला. पाच महिन्यांनी दोन्ही कानांचे तीव्र बाधिर्य निदान झाले. ते पाच महिने आमच्या हातून वाया गेले, ही खंत आजही आहे.

म्हणून वैद्यबंधूंना विनंती, की दहा महिन्यांपर्यंत अक्षरावली न आल्यास औषधापूर्वी श्रवणचाचणी करवून घ्यावी. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपचार, हा सर्वमान्य क्रम होय. औषधालयचालकांनीही 'बोलण्याचे औषध' मागणाऱ्या मातेस बाटली देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : बाळाला ऐकू येते, याची खात्री केली आहे काय?