भोंगा आणि बॅगपाईप

कारखान्याचा भोंगा आणि वाद्याचा सूर यांचा संबंध काय, असे तुम्हांला वाटेल. भोंगा माणसाला कामावर बोलावतो, तर सूर त्याला कामाचा शीण विसरायला लावतो. परंतु स्कॉटलंडमध्ये या दोहोंची मोठी गट्टी जमली होती. तेथील कोळशाच्या खाणींत, पोलादाच्या कारखान्यांत आणि लाकूड कापण्याच्या गिरण्यांत राबणाऱ्या कामगारांनी बॅगपाईपची पथके उभारली आणि ती नावारूपाला आणली. त्या खाणी आज बंद पडल्या आहेत, पण त्यांच्या आसऱ्याने वाढलेली काही पथके अजूनही वाजत आहेत. हे कसे घडले?

प्रथम या वाद्याची ओळख करून घेऊ. पाणक्याची पखाल तुम्ही चित्रात तरी पाहिली असेल. तशीच, पण लहान अशी एक पिशवी वादक आपल्या काखेत धरतो. पूर्वी ती मेंढीच्या कातड्याची असे. आता कृत्रिम कापडाचीही करतात. एका नळीने तो तीत तोंडाने हवा भरतो आणि दंडाने पिशवी दाबतो. श्वास घेण्यासाठी तोंड दूर केले, तरी दंडाच्या दाबाने हवा वाहत राहते. त्यामुळे सूर क्षणभरही तुटत नाही. खालच्या बाजूच्या नळीवरील भोकांवर बोटे फिरवून नऊ स्वर काढता येतात. या नळीत सनईप्रमाणेच पात्यांची जोडी बसवलेली असते. आणखी तीन नळ्या खांद्यावर टेकलेल्या असतात. त्या मात्र एकेकच स्वर धरून राहतात. सनईच्या बैठकीत मुख्य वादकाशेजारी एक साथीदार नुसता सूर देत बसतो ना? तेच काम या तीन नळ्या करतात.

आता या वाद्याची एक अडचण पाहा. बासरी हळू फुंकता येते, तबल्यावर हलकी थाप देता येते. बॅगपाईपला मात्र हळू वाजणे ठाऊकच नाही. त्याचा आवाज एकदा सुरू झाला, की तो अखेरपर्यंत सारखाच मोठा राहतो. दोन स्वरांमध्ये थांबताही येत नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा असेल, तर मध्ये एखादा कणस्वर घालून तो तोडावा लागतो. अशी दहा-पंधरा वाद्ये एकत्र वाजू लागली आणि त्यांतील एक जरी किंचित चढे लागले, तरी ती चूक लपत नाही. थंडी-उन्हानेही सूर हलतात. म्हणून वादनापूर्वी प्रत्येक वादकाला आपल्या नळ्या कमी-अधिक लांब करून इतरांशी सूर जुळवावा लागतो. त्यांच्या जोडीला ढोल असतात. एक मोठा ढोल ताल धरतो, मधले ढोल त्याला साथ देतात आणि काही ढोल आपल्या ताशासारखे कडाडतात. अशा पथकात कोणी एकटा मोठा होऊ शकत नाही. सर्व मिळूनच मोठे होतात.

हे वाद्य डोंगरातून कारखान्यात आले, ते लष्कराच्या वाटेने. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखाला हायलंड म्हणतात. तेथील पलटणी बॅगपाईपच्या सुरांवर कूच करीत. इ. स. १८५४ मध्ये या पलटणींना वादक ठेवण्याची रीतसर परवानगी मिळाली. ढोल आणि बॅगपाईप एकत्र वाजवण्याची पद्धत लष्करातच रुळली. ब्रिटिश अमलात ती हिंदुस्थानातही आली. आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीसारख्या पलटणींत हे वाद्य आजही वाजते.

त्याच शतकात ग्लासगो शहराच्या परिसरात जहाजांचे, लोखंडाचे आणि कापडाचे कारखाने भराभर उभे राहिले. पोटासाठी डोंगरातील माणसे तेथे आली. लष्करातून निवृत्त झालेले वादकही तेथेच कामाला लागले. गावाकडचे घर सुटले, पण बोटांतील सूर सुटला नाही. जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध असलेल्या गोवन येथे १८८३ मध्ये पोलिसांचे पथक निघाले. फॉलकर्कजवळच्या वॉलेसस्टोन या खाणकामगारांच्या खेड्यात १८८७ मध्ये पथक सुरू झाले. पुढे अनेक खाणींनी आणि कारखान्यांनी आपापली पथके काढली.

यात कामगारांचा लाभ होता, तसाच मालकांचाही होता. वाद्ये महाग आणि पथकाचा पोशाखही महाग. चौकड्यांच्या लोकरी कापडाचा, गुडघ्यापर्यंत येणारा किल्ट कामगाराला स्वतःच्या मिळकतीतून घेणे जड जाई. कोठे कंपनी हा खर्च उचले, तर कोठे कामगार वर्गणी काढत. मोबदल्यात मोठ्या ढोलावर कंपनीचे नाव ठळक अक्षरांत रंगवलेले असे. पथक जेथे जाई, तेथे ते नाव जाई. इतकी स्वस्त आणि सुरेल जाहिरात दुसरी कोणती असणार? ग्रेंजमथ गावी म्युअरहेड अँड सन्स ही लाकडाचा व्यापार करणारी कंपनी होती. तिच्या नावाच्या पथकाने १९६५ ते १९६९ अशी सलग पाच वर्षे जागतिक अजिंक्यपद मिळवले. लाकूडवखारीचे नाव त्यामुळे दूरदेशीच्या संगीतप्रेमींच्या तोंडी झाले.

परंतु रंगीत पोशाखामुळे खाणीतील काम सोपे होत नव्हते, हेही विसरता कामा नये. जमिनीखाली काळोख, छातीत कोळशाची धूळ आणि दरड कोसळण्याचे भय! पाळी संपवून वर आलेला कामगार अंग धुऊन तालमीच्या खोलीकडे वळे. तेथे तो कोणाचा हुकमी मजूर नसे, तो कलावंत असे. त्याच्याशेजारी शाळकरी मुलगा पिशवी नसलेल्या लहान नळीवर बोटे बसवत असे. ही नळी नीट वश झाली, की मगच त्याच्या काखेत खरे वाद्य येई. अशा रीतीने विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जाई. पूर्वी या पथकांत बहुधा पुरुषच असत. आता स्त्रिया आणि मुलीही बरोबरीने वाजवतात.

आपला देश स्वतंत्र झाला, ते १९४७ हे वर्ष या कथेतही महत्त्वाचे आहे. त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी ब्रिटनमधील कोळशाच्या खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या. त्याच वर्षी बाउहिल या खाणीचे पथक जागतिक विजेते ठरले. आणि त्याच वर्षी शॉट्स गावातील लोखंडाचा जुना कारखाना कायमचा बंद पडला.

शॉट्स हे लोखंड आणि कोळसा यांवर जगणारे गाव. ‘शॉट्स अँड डाइकहेड कॅलेडोनिया’ हे तेथील पथक १९१० च्या सुमारास स्थापन झाले होते. कारखान्याची भट्टी विझली, आता पथकही विझणार असे कोणाला वाटले असते, तर नवल नव्हते. परंतु दुसऱ्याच वर्षी, १९४८ मध्ये, या पथकाने जागतिक अजिंक्यपद जिंकले! पुढे आसपासच्या खाणीही एकामागून एक बंद झाल्या. तरी पथकाने ते पद पुन्हा पुन्हा मिळवले. अगदी २०१५ मध्येही ते जगात पहिले आले.

सर्वच पथकांचे भाग्य असे नव्हते. अनेक खाणींबरोबर त्यांची पथकेही लोपली. ज्या म्युअरहेडच्या पथकाने सलग पाच वर्षे जग जिंकले, तेही १९७० नंतरच्या दशकात विसर्जित झाले. पोल्केमेटची खाण १९८४–८५ च्या दीर्घ संपाच्या काळात पाण्याने भरली आणि पुन्हा उघडली नाही; तिचे पथक मात्र दुसऱ्याच्या आश्रयाने वाजत राहिले.

कंपनीने दिलेला पैसा कंपनीबरोबर जातो. ढोलावरील नाव पुसून दुसरे रंगवता येते. पण तालमीच्या खोलीत वडीलधाऱ्यांनी मुलांच्या बोटांत उतरवलेली विद्या कोणत्याही मालकाच्या वहीत नोंदलेली नसते. ज्या गावाने ती जपली, तेथील भोंगा कायमचा थांबला, तरी सूर थांबला नाही.