मुख-हनू शस्त्रक्रियेनंतरची तज्ञपरीक्षा

मुखगुहा, दात, ऊर्ध्व व अधोहनू (वरचा व खालचा जबडा) आणि त्यांलगतचे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचे समूह) यांवरील शस्त्रक्रियेनंतर ठराविक कालांतराने तज्ञाने केलेली रुग्णाची पुनःपुन्हा तपासणी. जखम नीट भरून येत आहे की नाही हे पाहणे, चावणे, गिळणे, बोलणे व तोंड उघडणे ही कार्ये पूर्ववत करणे आणि मूळ रोग उलटल्यास तो वेळीच ओळखणे, असे तिचे तीन हेतू आहेत. तिचा कालावधी मूळ विकृतीवर अवलंबून असतो.

अक्कलदाढ काढल्यानंतर साधारणपणे एका आठवड्याने टाके काढतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वेदना कमी होण्याऐवजी वाढल्यास खाचेतील रक्ताची गुठळी निघून जाऊन हाड उघडे पडल्याची शक्यता असते. खालच्या ओठाची किंवा जिभेची बधिरता बहुधा काही महिन्यांत नाहीशी होते. मात्र तिची नोंद पहिल्या भेटीतच होणे आवश्यक असते, कारण त्यावाचून पुढील सुधारणा मोजता येत नाही.

अस्थिभंगात वरचे व खालचे दात तारांनी एकत्र बांधल्यास ते सु. ४ ते ६ आठवडे तसे ठेवावे लागतात. या काळात द्रव आहार, तोंडाची स्वच्छता व दातांची परस्परांवरील बैठक यांवर लक्ष ठेवतात. उलटी झाल्यास श्वसनमार्गात अडथळा येऊ नये म्हणून तारा कापण्याचे साधन रुग्णाजवळ असावे लागते. घाटातील प्रवासात याचे महत्त्व विशेष आहे. टिटॅनियमच्या पट्ट्या बसविल्यास तोंड लवकर उघडता येते आणि जंतुसंसर्ग न झाल्यास त्या सहसा काढाव्या लागत नाहीत. लहान मुलांत जबड्याच्या सांध्याजवळील भंगामुळे सांधा ताठरणे वा हनूची वाढ खुंटणे संभवते. यास्तव त्यांची तपासणी वाढ पूर्ण होईपर्यंत चालू ठेवतात.

हनूतील काही अर्बुदे (नवीन कोशिकांच्या अत्यधिक वाढीमुळे झालेल्या गाठी) व द्रवार्बुदे कर्करोगाची नसूनही पुन्हा उद्‌भवतात. दंतवल्क निर्माण करणाऱ्या ऊतकापासून होणारे अर्बुद तर दहा वर्षांनंतरही उलटल्याचे आढळते. अशा रुग्णांत वेदनारहित वाढ केवळ क्ष-किरण चित्रावरूनच प्रथम ध्यानात येते.

मुखकर्करोगात [⟶ कर्करोग] या परीक्षेला सर्वाधिक महत्त्व आहे. रोग उलटण्याचे बहुसंख्य प्रसंग पहिल्या दोन वर्षांत घडतात. म्हणून पहिल्या वर्षी दर १ ते ३ महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर २ ते ६ महिन्यांनी, तिसऱ्या ते पाचव्या वर्षापर्यंत दर ४ ते ८ महिन्यांनी व पुढे वर्षातून एकदा तपासणी करण्याची पद्धत रूढ आहे. तज्ञ संपूर्ण मुखगुहा पाहतो, जीभ व गाल बोटांनी चाचपतो आणि मानेतील लसीका ग्रंथी तपासतो. संशयास्पद भागाची जीवोतक परीक्षा करतात. मानेवर प्रारण चिकित्सा झाली असल्यास अवटू ग्रंथीच्या कार्याची रक्तपरीक्षा ६ ते १२ महिन्यांनी करतात. प्रारित हनूतील दात सल्ल्यावाचून काढल्यास जखम न भरता अस्थिमृत्यू ओढवू शकतो. त्यामुळे रुग्णाने कोणत्याही दंतवैद्यास पूर्वीच्या उपचारांची माहिती देणे अगत्याचे आहे.

सुपारी चघळण्याशी निगडित असलेल्या अधःश्लेष्मीय तंतुमयतेत गालांचे अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. या विकृतीचे वर्णन श्वार्ट्‌झ यांनी १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत केले. १९५३ मध्ये जोशी यांनी भारतातील रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेने तंतू मोकळे केले, तरी तोंड उघडण्याचा व्यायाम अनेक महिने न केल्यास ते पुन्हा आखडते. प्रत्येक भेटीत वरच्या व खालच्या पुढील दातांमधील अंतर मोजून नोंदवितात.

रत्नागिरी जिल्ह्यातील स्थिती : जिल्हा दक्षिणोत्तर लांबट असून मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांत विभागलेला आहे. खाड्या व डोंगर यांमुळे अंतरे नकाशावर दिसतात त्यापेक्षा अधिक वेळ घेतात. तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांना लावण्याची सवय कोकणातील स्त्रियांत दीर्घकाळ रूढ आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. तथापि सुपारी व तंबाखू यांचे सेवन थांबले नाही. सवय चालू राहिल्यास बरा झालेल्या रुग्णाच्या तोंडात दुसऱ्या ठिकाणी नवा कर्करोग उद्‌भवू शकतो. म्हणून व्यसनमुक्ती हा अनुवर्ती उपचाराचाच भाग आहे.

मोठ्या शस्त्रक्रियांसाठी येथील रुग्ण मुंबई, कोल्हापूर किंवा कऱ्हाड येथे जात आले आहेत. मुंबईत नायर रुग्णालय दंतमहाविद्यालय (१९३३) व टाटा स्मारक रुग्णालय (१९४१) या जुन्या संस्था आहेत. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यावर मुंबईचा प्रवास सुकर झाला. जिल्ह्यात खेड येथे दंतमहाविद्यालय, चिपळूण तालुक्यात डेरवण येथे वालावलकर रुग्णालय व रत्नागिरी शहरात जिल्हा रुग्णालय असून २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले.

तरीही भेटी चुकतात. भात लावणी, आंब्याचा हंगाम, बुडणारी मजुरी आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकाचा खर्च ही त्याची कारणे होत. परंतु वेदना थांबल्या म्हणजे रोग गेला ही समजूत त्यांहून घातक ठरते. उलटलेली गाठ आरंभी दुखत नाही आणि दुखू लागते तेव्हा पुन्हा शस्त्रक्रिया करण्याजोगी असेलच असे नाही. भेटीच्या तारखा शक्यतो हंगाम पाहून ठरविल्यास रुग्ण टिकून राहतात. मच्छीमारांना पावसाळी मासेमारी बंदीचा काळ सोयीचा पडतो. मात्र नवी गाठ, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, रक्तस्राव किंवा तोंड आखडणे यांपैकी काहीही आढळल्यास ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

भारतात २०२० मध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. दूरसंवादाने औषधे, आहार व व्यायाम यांविषयी सल्ला देता येतो. पण मानेतील लहान गाठ पडद्यावर दिसत नाही, ती बोटांनाच लागते. म्हणून दूरसल्ला हा प्रत्यक्ष परीक्षेला पूरक आहे, पर्याय नव्हे. रुग्णालयातून सुटतानाचे टिपण, विकृतिविज्ञानाचा अहवाल व क्ष-किरण चित्रे रुग्णाने जपून ठेवल्यास गावचा वैद्य मधल्या काळातील तपासणी करू शकतो आणि धोक्याची चिन्हे दिसताच रुग्णास विनाविलंब तज्ञाकडे पाठवू शकतो.