विश्लेषण : ट्रेकसाठी वॉकी-टॉकी घेताय? आधी बँड पाहा, मग किलोमीटर!

गुंजवण्यातून निघालेला वीस जणांचा ग्रुप राजगड चढतो आहे. पुढचे पाच जण चोर दरवाजातून पद्मावती माचीवर पोहोचले आहेत. मागच्या एकाचा पाय मुरगळला आहे आणि मोबाइलला रेंज नाही. पुढच्यांना थांबवायचे कसे? सह्याद्रीत दर पावसाळ्यात अनेक ग्रुपवर अशी वेळ येते. म्हणूनच वॉकी-टॉकीची जोडी घेण्याकडे ट्रेकर्सचा कल वाढतो आहे. ऑनलाइन शोधले की ‘रेंज १० किमी’, ‘रेंज ३० किमी’ असे दावे करणारे डझनभर संच समोर येतात. मात्र त्यातले कोणते कायद्याने चालतात आणि कोणते डोंगरात खरोखर उपयोगी पडतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

परवान्याशिवाय कोणता संच चालतो?

भारतात रेडिओ लहरींचा वापर दूरसंचार विभागाच्या ‘वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन’ अर्थात डब्ल्यूपीसी शाखेच्या नियंत्रणाखाली येतो. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यात चालणाऱ्या कमी ताकदीच्या वॉकी-टॉकींना परवान्यातून सूट आहे. सर्वसामान्य ट्रेकरसाठी हाच सरळ मार्ग. संचाला ‘इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल’ म्हणजे ईटीए प्रमाणपत्रही हवे.

घोळ होतो तो इथेच. बाजारात स्वस्तात मिळणारे अनेक संच १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० मेगाहर्ट्झ अशा ऐसपैस पट्ट्यात कुठेही लावता येतात. त्याच पट्ट्यांत पोलीस, आपत्कालीन सेवा आणि परवानाधारक संस्थांचे संदेश सुरू असतात. चुकून बटण दाबले तरी त्यात व्यत्यय येऊ शकतो. त्यामुळे असा संच ४४६ वर लावून वापरला म्हणून तो सूट मिळालेल्या वर्गात बसत नाही.

या बेकायदा विक्रीवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा पाठवल्या. त्यानंतर वॉकी-टॉकीच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वेही आली. फ्रिक्वेन्सी आणि ईटीएची माहिती विक्रेत्याने द्यावी, असे त्यात म्हटले आहे. ज्या पानावर ही माहितीच नाही, तिथून खरेदी टाळलेली बरी.

अमेरिकी शिकाऱ्यांचे सल्ले इथे का चालत नाहीत?

डोंगरात वापरायच्या वॉकी-टॉकीबद्दल यूट्यूबवर शोधले की बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे निघतात. तिथे एफआरएस ही परवानामुक्त सेवा आहे, तर साधा अर्ज आणि शुल्क भरून जीएमआरएस परवाना मिळतो. या दोन्ही सेवा ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. झाडीत बरा चालणारा १५१ ते १५४ मेगाहर्ट्झचा एमयूआरएस हा पर्यायही तिथे खुला आहे. भारतात मात्र हे पट्टे सर्वसामान्यांना परवान्याविना वापरता येत नाहीत. त्यामुळे परदेशातून नातेवाइकांनी भेट म्हणून आणलेली जोडी कितीही चांगली असली, तरी ती इथे बेकायदा ठरू शकते.

या व्हिडिओंतला डोंगराचा अनुभव मात्र घेण्यासारखा आहे. कारण देश बदलला, कायदा बदलला, तरी लहरी कातळापुढे तशाच अडतात.

खोक्यावरचे ‘३० किमी’ कुठे जातात?

४४६ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत प्रवास करतात. सपाट मैदानात दोन माणसे समोरासमोर उभी असतील आणि मध्ये काहीही आड येत नसेल, तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे ही रेषा ८ ते १० किलोमीटरवर संपते. ३० किलोमीटर गाठायचे, तर किमान एकाने उंच शिखरावर असायला हवे आणि मधली वाट पूर्ण मोकळी हवी. जाहिरातीतला आकडा येतो तो अशा आदर्श परिस्थितीतून. दाट झाडीत किंवा वळणावळणाच्या घळीत एक किलोमीटरही अवघड होऊ शकतो.

राजगडाचेच उदाहरण घेऊ. सुवेळा माची पूर्वेला, संजीवनी माची दुसऱ्या टोकाला आणि मध्ये बालेकिल्ल्याचा उंच कातळ. एक जण सुवेळावर आणि दुसरा संजीवनीवर असेल, तर अंतर फार नसूनही आवाज तुटण्याची शक्यता मोठी. उलट राजगडाच्या टोकावरून समोर दिसणाऱ्या तोरण्याशी संपर्क तुलनेने सोपा, कारण मध्ये आहे ती फक्त हवा. सांदण दरीसारख्या अरुंद भेगेत उतरलेल्यांचा वर पठारावर थांबलेल्यांशी संपर्क तर पहिल्या काही वळणांतच तुटू शकतो.

यावर उपाय निरोप्याचा. दोन्ही बाजू दिसतील अशा उंच जागी एक माणूस तिसरा संच घेऊन थांबला, तर तो इकडचा निरोप तिकडे पोहोचवू शकतो. म्हणूनच मोठ्या ग्रुपने दोनऐवजी तीन संच घ्यावेत.

जास्त वॅट म्हणजे जास्त रेंज?

परवानामुक्त संच साधारण अर्ध्या वॅटचे असतात. ‘५ वॅटचा घेतला तर दहापट लांब जाईल’ हा समज चुकीचा आहे. मोकळ्या हवेत ताकद दहापट वाढवली तर पल्ला जेमतेम तिप्पट होतो. मध्ये डोंगर असेल, तर तेवढाही फायदा मिळत नाही. त्यापेक्षा पन्नास पावले चढून कड्याच्या मोकळ्या बाजूला आल्याने जास्त फरक पडतो. संच कमरेला लटकवून बोलू नये, कारण शरीर लहरी शोषून घेते. तो तोंडाजवळ आणि अँटेना उभी धरावी.

घेताना काय तपासायचे?

पाणी : पावसाळी ट्रेकसाठी आयपी६७ दर्जाचा संच चांगला. आयपीएक्स४ म्हणजे केवळ शिंतोड्यांपासून संरक्षण. ओढा ओलांडताना तो पडला तर वाचेलच असे नाही.

बॅटरी : पॉवर बँकवर यूएसबीने चार्ज होणारा किंवा साध्या सेलवरही चालणारा संच दोन दिवसांच्या ट्रेकला सोयीचा.

बटणे : ओल्या हातांनी सहज दाबता येतील अशी मोठी असावीत. ‘की-लॉक’ हवेच, नाहीतर सॅकमध्ये चॅनेल आपोआप बदलतो.

व्हॉक्स : आवाज होताच आपोआप सुरू होणारी ही सोय कड्यावर त्रासदायक ठरते. वाऱ्याच्या आवाजानेही संच सुरू होऊन चॅनेल अडवतो. तिथे बटण दाबूनच बोलावे.

‘प्रायव्हसी कोड’ : नाव फसवे आहे. या कोडमुळे इतरांचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही, पण तुमचे बोलणे इतरांना ऐकू येऊ शकते.

इअरफोन : कळसूबाई, हरिश्चंद्रगड ही ठिकाणे अभयारण्यात येतात. तिथे स्पीकरचा कलकलाट नको.

हॅम आणि सॅटेलाइटचे काय?

नियमित भटकणाऱ्यांसाठी हॅम रेडिओ हा कायदेशीर आणि अधिक ताकदीचा पर्याय आहे. त्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. मात्र ग्रुपमध्ये एकाकडे परवाना असून भागत नाही. पलीकडे बोलणाराही परवानाधारकच लागतो.

सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर परवानगीविना बाळगणे भारतात गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असे उपकरण बाळगल्यावरून परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली होती. त्यामुळे परदेशी गिर्यारोहकांचे पाहून ते मागवू नये.

संकटात वॉकी-टॉकी किती कामाची?

वॉकी-टॉकीवरून पोलीस ठाण्याला किंवा बचाव पथकाला फोन लावता येत नाही. तिचा उपयोग ग्रुप एकत्र ठेवण्यासाठी आणि रेंज असलेल्या माथ्यावरच्या साथीदाराला निरोप देण्यासाठी. तो साथीदार मग ११२ वर किंवा महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरच्या हेल्पलाइनवर कळवू शकतो. हे क्रमांक घरूनच सेव्ह करून निघावे.

निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावातच सगळ्यांचा चॅनेल आणि कोड जुळवून चाचणी घ्यावी. दर अर्ध्या तासाने पुढच्याने आणि मागच्याने एकमेकांना हाक द्यायची, असे ठरवून घ्यावे. ठरलेल्या वेळी उत्तर आले नाही, तर पुढच्यांनी चढणे थांबवायचे आणि संपर्क होईपर्यंत जागेवरून हलायचे नाही. हा नियम पाळला, तर वॉकी-टॉकी बंद पडली तरी मागे कुणी एकटे राहणार नाही.