शेकडेवारीचा तास आणि शेअरवाल्यांचं भांडण



शेकडेवारी शिकवताना नफा-तोट्याचीच गणितं किती दिवस द्यायची? आपल्या तिवस्यातही आता मोबाईलवर शेअर घेणारे पालक भेटतात. म्हणून यंदा मी फळ्यावर एक खरं प्रकरण मांडलं. तुम्हीही मांडून पाहा.

आयसीआयसीआय सिक्युरिटीज ही आयसीआयसीआय बँकेचीच उपकंपनी. तिचे शेअर २०१८ पासून बाजारात होते. जून २०२३ मध्ये बँकेनं ठरवलं, की ही कंपनी बाजारातून काढून पूर्ण आपल्या ताब्यात घ्यायची. बाहेरच्या भागधारकांना १०० शेअरमागे बँकेचे ६७ शेअर मिळणार होते. मार्च २०२४ मध्ये मतदान झालं. नियम असा, की बाहेरच्या भागधारकांची बाजूची मतं विरोधी मतांच्या निदान दुप्पट हवीत. बाजूनं ७१.८९ टक्के पडली. ठराव पास.

पण आकडा जरा फोडून पाहा. मोठ्या संस्थांची सुमारे ८४ टक्के मतं बाजूनं होती, किरकोळ व इतर भागधारकांची फक्त ३२ टक्के. पोरं लगेच सरासरी काढतात : ५८. म्हणजे ठराव पडायला हवा होता! इथंच खरी गंमत आहे. ही साधी सरासरी चालत नाही, कारण पडलेल्या मतांपैकी जवळपास तीन चतुर्थांश संस्थांचीच होती. गावच्या सेवा सोसायटीच्या आमसभेत एका सभासदाला एकच मत, मग त्याचे भाग कितीही असोत. कंपनीत मात्र जितके शेअर तितकी मतं. हा फरक पालकांनाही सांगावा लागतो.

लहान भागधारक चिडले ते दोन गोष्टींवरून. एक, ६७ चा भाव त्यांना कमी वाटला. दुसरी, मतदानाच्या आधी बँकेच्या कर्मचाऱ्यांचे फोनवर फोन येत होते, ठरावाच्या बाजूनं मत द्या म्हणून. सेबीनं या फोनबाजीवरून बँकेला लेखी ताकीदही दिली. (माझ्या मते भावापेक्षा हीच तक्रार जास्त वजनाची होती.)

प्रकरण मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढं गेलं. आक्षेप घेणाऱ्यांत क्वांटम म्युच्युअल फंड होता आणि एक गुंतवणूक व्यवस्थापक. पण कंपनी कायद्याचं कलम २३० म्हणतं, की अशा योजनेवर आक्षेप घ्यायला किमान १० टक्के शेअर हवेत. फंडाकडं होते सुमारे ०.०८ टक्के, त्या व्यवस्थापकाकडं ०.००२. ऑगस्ट २०२४ मध्ये आक्षेप फेटाळून योजना मंजूर झाली. मार्च २०२५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं आणि त्याच महिन्यात हा शेअर बाजारातून गेला.

०.००२ टक्के म्हणजे लाखात दोन, हे फळ्यावर करून दाखवलं. तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, फोन करणं चूक होतं तर ती मतं परत का नाही मोजली?" घंटा होईपर्यंत वर्गात त्यावरच वाद चालला.