नळदुर्गचे स्मारक आणि ‘पोलिस कारवाई’चे अशोकचक्र

भूमच्या तहसील कार्यालयावर दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तिरंगा फडकतो. १९४८ पर्यंत भूम निजामाच्या राज्यात होते. शेजारची बार्शी मात्र मुंबई प्रांतात. धाराशिव जिल्ह्याच्या या टोकाला ती सरहद्द आज शोधूनही सापडत नाही. जिल्ह्याच्या दक्षिणेस, सोलापूर-हैदराबाद मार्गावरील नळदुर्गमध्ये मात्र त्या लढाईची खूण आहे. हवालदार बचित्तरसिंग यांचे साधे स्मारक तेथे आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरल्या. पहिले लक्ष्य होते नळदुर्ग. पंजाबातील लोपों गावचे बचित्तरसिंग दुसऱ्या शीख बटालियनच्या एका प्लाटूनचे प्रमुख होते. समोरून आलेली दोन वाहने त्यांनी रक्षकांसह ताब्यात घेतली. पुढे शत्रूच्या मोर्चावर चाल करताना मशीनगनची गोळी त्यांच्या मांडीत घुसली. तशाही स्थितीत सरपटत पुढे जाऊन त्यांनी हातबॉम्ब फेकले आणि ती मशीनगन बंद पाडली. मागे नेण्यास त्यांनी नकार दिला. मोर्चा जिंकला गेला. ते वाचले नाहीत. वय अवघे ३१.

इतक्या उघड लढाईतील शौर्यासाठी परमवीरचक्र का नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर एका शब्दात दडले आहे. हैदराबाद हा देशांतर्गत प्रश्न असल्याची भारत सरकारची भूमिका होती. म्हणून रणगाडे उतरवूनही मोहिमेला ‘पोलिस कारवाई’ म्हटले गेले. परमवीरचक्र शत्रूसमोरील पराक्रमासाठी असते. कागदोपत्री येथे शत्रूच नव्हता. ४ जानेवारी १९५२ रोजी अशोकचक्र (वर्ग १) हा सन्मान स्थापन झाला आणि तो १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानण्यात आला. त्यामुळे बचित्तरसिंग त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत आले. त्याच दिवशी तुंगभद्रेच्या पुलावर लढलेले नाईक नरबहादूर थापा हे दुसरे.

या शब्दाची दुसरीही बाजू आहे. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली, दुसऱ्या दिवशी त्याचे सैन्य शरण आले. पण हिंसा थांबली नाही. रझाकारांचे अत्याचार सोसलेल्या याच जिल्ह्यात नंतर मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादची नोंद केली. तो अहवाल वाचकांसमोर येण्यास २०१३ उजाडले.